ड्रायर दोन तास फिरतो, तरी टॉवेल ओलेच: दोष कसा शोधायचा

ठाण्यात जुलैमध्ये सलग आठ दिवस ऊन पडलं नाही की कपडे जागा मिळेल तिथे येतात. दाराच्या कडेवर, खुर्चीच्या पाठीवर, पंख्याखाली बांधलेल्या दोरीवर. गणवेश सकाळी इस्त्री फिरवून वाळवावा लागतो आणि टॉवेलांना कुबट वास धरतो. हे टळावं म्हणून आम्ही ड्रायर घेतला. पहिल्या पावसाळ्यात तो तासाभरात टॉवेल कोरडे करून द्यायचा. तिसऱ्या पावसाळ्यात दोन तास फिरूनही ते दमटच निघू लागले. दुरुस्तीला आलेल्या माणसाने पाच मिनिटांत "हीटर गेला" असं सांगून हीटर बदलला. संध्याकाळी टॉवेल होते तसेच ओले. नंतर मशीन पुढे ओढून पाहिलं, तर वाफ बाहेर नेणारा पाइप भिंतीला दाबून पार चपटा झाला होता.

तेव्हापासून ओळखीच्या कोणाचा ड्रायर रेंगाळू लागला की मी आधी तपासायला सांगते ते पाणी, मग हवा, मग वीज. सुटे भाग सगळ्यात शेवटी. बहुतेक वेळा चौथ्या टप्प्यापर्यंत जावंच लागत नाही. खालचा क्रमही तोच आहे.

मुळात किती वेळ लागायला हवा?

ड्रायर हवा आत ओढतो, तापवतो, ती फिरत्या ड्रममधल्या कपड्यांतून नेतो आणि पाणी घेऊन निघालेली हवा जाळीतून गाळून बाहेर टाकतो. एक लिटर पाण्याची वाफ करायला निव्वळ उष्णता म्हणून साधारण पाऊण युनिटाला थोडी कमी इतकी वीज लागते. वाफ बाहेर सोडणारा घरगुती ड्रायर प्रत्यक्षात लिटरमागे जवळपास एक युनिट घेतो, कारण ड्रम, कपडे आणि बाहेर जाणारी हवाही तापते.

आता हिशोब करा. वाळलेले असताना ५ किलो भरणारे सुती कपडे ८०० आरपीएमवर (मिनिटाला ८०० फेरे) पिळले, तर त्यांत साधारण साडेतीन लिटर पाणी उरतं. १२०० वर पिळले तर अडीच लिटरच्या आसपास. तुमच्या ड्रायरचा हीटर २००० वॅटचा असेल, तर पहिल्या घाण्याला पावणेदोन तास लागणं हा दोष नाही, ते गणित आहे. दुसऱ्याला सव्वा तास पुरायला हवा. हीटर किती वॅटचा ते मशीनच्या मागच्या किंवा दाराच्या आतल्या पट्टीवर छापलेलं असतं. तो आकडा आधी लिहून घ्या.

मग एक मोजणी करा. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा वजनकाटा पुरतो. पिळलेले कपडे पिशवीत घालून तोला, ड्रायरमध्ये बरोबर अर्धा तास फिरवा, लगेच पुन्हा तोला. २००० वॅटच्या धडधाकट ड्रायरने तेवढ्या वेळात पाऊण लिटरच्या आसपास, म्हणजे ७०० ते ९०० ग्रॅम वजन उतरवायला हवं. पहिली काही मिनिटं मशीन तापण्यात जातात, म्हणून पूर्ण लिटर धरू नका. एवढं वजन उतरत असेल तर ड्रायर ठीक आहे, कपडेच जास्त ओले येत आहेत. तीन-चारशे ग्रॅमच उतरत असेल तर पुढे वाचा.

मधेच दार उघडून हात लावा

तीस-चाळीस मिनिटांनी मशीन थांबवून कपड्यांना हात लावला, की अर्धं निदान तिथेच होतं.

कपडे कढत लागतात, दार उघडताच तोंडावर वाफ येते, पण कपडे ओले आहेत: उष्णता आहे, हवा पुढे सरकत नाही. जाळी किंवा पाइप बघा. हीच तक्रार सर्वांत जास्त आढळते.

कपडे कोमट किंवा गार आहेत: उष्णता कमी पडते. वीज, हीटर, किंवा नुसतंच चुकीचं बटण. साध्या मशीनवर कमी उष्णतेचं वेगळं बटण असतं. नाजूक कपड्यांसाठी ते कोणीतरी दाबलेलं असतं आणि नंतर महिनाभर तसंच राहतं.

वरचे कपडे कोरडे, पण गोळा उलगडला तर आत ओलं: भरण्यात चूक.

मशीन स्वतःहून वेळेआधी थांबतं आणि तुम्हाला दोनदा-तीनदा चालू करावं लागतं: ओलावा ओळखणारा सेन्सर फसतो आहे.

पिळण्यात कसर राहिली का?

पाणी फिरवून काढायला लागणारी वीज ही वाफ करून काढायला लागणाऱ्या विजेच्या मानाने किरकोळ असते. म्हणून ड्रायरवर वेळ घालवण्याआधी वॉशिंग मशीनकडे बघा. स्पिन कितीवर लावलेलं आहे? सुती कपडे, टॉवेल, चादरी मशीन देईल त्या जास्तीत जास्त वेगावर पिळा. एकच जाड चादर किंवा दोनच जीन्स टाकल्या तर ड्रमचा तोल जातो, मशीन स्वतःच वेग उतरवतं आणि कपडे पाणी ठिबकत बाहेर येतात. अशा वेळी सोबत दोन टॉवेल टाका.

फ्रंट लोडमध्ये खाली कोपऱ्यात पाणी निघायचा छोटा फिल्टर असतो. नाणी, केसांच्या पिना आणि रुमालाचे धागे त्यात अडकले की पाणी सावकाश निघतं आणि स्पिन अर्धवट होतं. तो उघडताना खाली ताट ठेवा. इतकं करूनही कपडे जड वाटले तर वेगळं दहा मिनिटांचं स्पिन द्या. टॉवेलांच्या घाण्यात तेवढ्यानेही वीस-पंचवीस मिनिटं वाचू शकतात.

जाळी: नुसती झटकून भागत नाही

लिंटची, म्हणजे कपड्यांतून सुटणारे तंतू अडवणारी जाळी प्रत्येक घाण्यानंतर साफ करायची असते, दर रविवारी नाही. नवे टॉवेल असतील तर एका फेरीत तिच्यावर वाकळेसारखा थर बसतो.

पण झटकून स्वच्छ दिसणारी जाळीही तुंबलेली असू शकते. कपडे मऊ करणाऱ्या द्रावणाचा मेणचट पातळ थर तिच्या बारीक छिद्रांवर बसतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. परीक्षा सोपी आहे: जाळी सपाट धरून नळाखाली धरा. पाणी सरळ आरपार गेलं तर ठीक. जाळीवर तळं साचलं तर हवाही तशीच अडत असणार. भांड्याचा साबण, कोमट पाणी आणि जुना मऊ दातांचा ब्रश घेऊन दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने घासा आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवा. जाळी फाटली असेल तर नवी घ्या. फटीतून गेलेले तंतू पंख्यात आणि हीटरजवळ जाऊन बसतात आणि ते पेट घेऊ शकतात.

जाळी काढल्यावर तिच्या खाचेत टॉर्च मारून बघा. खाली पडलेला गठ्ठा व्हॅक्यूम क्लीनरच्या बारीक तोंडाने ओढून घ्या. काठीने आत ढकलू नका, तो पंख्याकडे जाईल.

वाफ जाते कुठे?

इथे सावकाश थांबायला हवं, कारण आपल्याकडच्या फ्लॅटांमध्ये खरी गोम इथेच असते. ड्रायर येतो, वॉशिंग मशीनवर नाहीतर भिंतीवर स्टँडला बसतो आणि पाइप खोक्यातच राहतो. "बाथरूमचं दार लोटून घ्या, चालेल," असं बसवणारे सांगून जातात.

ते चालत नाही. समजा तुमची ड्राय बाल्कनी दीड मीटर रुंद, दोन मीटर लांब आणि पावणेतीन मीटर उंच आहे. म्हणजे साधारण ८ घनमीटर हवा. २८ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅम वाफ मावते, म्हणजे सगळ्या बाल्कनीत दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम. पावसाळ्यात त्यातलाही बहुतेक वाटा आधीच भरलेला असतो. तिथे ड्रायर तीन लिटर पाणी सोडतो. भिंती ओघळू लागतात, आणि ड्रायर तीच ओली हवा पुन्हा आत ओढून तापवत बसतो. दोन तास त्यातच जातात.

"पावसाळ्यात ड्रायर हळूच चालतो" हा समज म्हणूनच अर्धाच खरा आहे. बाहेरची २८ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा ड्रायरने ६० अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता १७ टक्क्यांच्या आसपास येते. डिसेंबरातली २० अंशांची, ५० टक्के आर्द्रतेची हवा तशीच तापवली तर ६ टक्के. फरक आहे, पण दुप्पट वेळ लागावा इतका नाही. दोष बाहेरच्या पावसाचा कमी आणि आत कोंडलेल्या वाफेचा जास्त.

काय करायचं ते आता क्रमाने सांगते.

पाइप नसेल तर बसवा आणि त्याचं तोंड खिडकीबाहेर काढा. पाइप मशीनसोबत आलेल्या मापाचाच हवा. अरुंद तोंडाचा जोडला तर हवा तिथेच अडते. जमेल तितका आखूड ठेवा. जास्तीचा पाइप गुंडाळी करून मागे कोंबू नका, मोजून कापा. वळण एक-दोनच असू द्या आणि ते गोलसर असावं, काटकोनात मोडलेलं नको.

मशीन भिंतीपासून हातभर पुढे ओढून मागे बघा. पाइप चेपला आहे का? मध्येच झोळीसारखा लोंबतो आहे का? लोंबत्या भागात वाफेचं पाणी होऊन साचतं आणि हवेची वाट निम्मी बंद होते. पाइप हलवल्यावर आत डुबुक आवाज आला तर हेच आहे. पाणी ओता आणि पाइप बाहेरच्या बाजूला किंचित उतरता बांधा.

आता बाहेरचं टोक. मुंबई-पुण्यात तिथे कबुतरं काड्या आणून टाकतात, चिमण्याही घरटं करतात. ते टाळायला लोक डासांची बारीक जाळी ठोकतात आणि महिन्याभरात ती तंतूंनी लिंपली जाते. तिथे बारीक जाळी लावूच नका. हवा आली की उघडणारी झडपेची टोपी मिळते, ती बसवा आणि ती सहज हलते का ते दर महिन्याला बोट लावून बघा. इमारतीच्या बाहेर वाकून हे करू नका. आतूनच पाइप सोडवून तपासा.

पाइपची परीक्षा सोपी आहे. पाइप मशीनपासून काढा, खिडकी सताड उघडा आणि कपडे घालून फक्त वीस मिनिटं ड्रायर तसाच चालवा. पाइप असताना वजन कमी उतरत होतं आणि आता भराभर उतरतं, तर दोष पाइपमध्ये. काहीच फरक पडला नाही, तर दोष मशीनच्या आत.

अजून एक गोष्ट. जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यायला हवी, म्हणून खोलीचं दार किंवा दुसरी खिडकी बोटभर तरी उघडी ठेवा. आणि त्याच बाथरूममध्ये किंवा बाल्कनीत गॅस गिझर असेल तर दोन्ही एकाच वेळी कधीही चालवू नका. ड्रायर खोलीतली हवा बाहेर ओढतो, त्यामुळे गिझरचा धूर आत फिरू शकतो. त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

भरताना

ड्रम अर्धा ते दोन तृतीयांश भरा. कपड्यांना वरून खाली पडायला जागा लागते, ठासून भरले तर ते नुसते गोल फिरतात. टॉवेल आणि जीन्स एकत्र, शर्ट आणि पातळ कुर्ते वेगळे. डबल बेडची चादर एकटी टाकली तर तिचा दोर वळतो. वीस मिनिटांनी एकदा थांबवून झटका. उशांच्या अभ्र्यांची आणि रजईच्या खोळींची बटणं लावून टाका, नाहीतर मोजे त्यात शिरतात आणि ओले राहतात.

वीज कमी येते का?

कोकणात, शेतावरच्या घरांत, गावाच्या टोकाला असणाऱ्यांनी हा भाग सोडू नये. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला २००० वॅट देणारा हीटर २०० व्होल्टला फक्त १५०० वॅट देतो, १९० ला साडेतेराशेच्या आसपास. दिवे नेहमीसारखे दिसतात, मोटर फिरते, पण वाळायला एक तृतीयांश वेळ जास्त, कधी त्याहून अधिक. संध्याकाळी सगळ्या वाडीत पंप आणि मिक्सर चालू असताना ड्रायर लावता का? दुपारी किंवा रात्री उशिरा लावून बघा.

ड्रायर १६ अँपिअरच्या पॉवर सॉकेटलाच हवा. साध्या एक्स्टेंशन बोर्डवर तो चालवला तर वायर तापते, व्होल्टेज वायरमध्येच पडतं आणि आगीचा धोका असतो. अर्ध्या तासाने प्लग हाताला गरम लागला किंवा पिना काळवंडल्या असतील, तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, ड्रायरचं नंतर बघू.

हीटर चालतो की नाही हे मशीन न उघडता मीटरवर कळतं. डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटमागे तो किती वेळा लुकलुकतो तो आकडा शेजारी छापलेला असतो. घरातला फ्रीज, एसी, गिझर थोडा वेळ बंद करा, ओले कपडे घालून ड्रायर लावा आणि दोन मिनिटांनी मोजा. आकडा १६०० असेल, तर २००० वॅटचा हीटर चालू असताना मिनिटाला पन्नासच्या वर लुकलुक व्हायला हवी. पंचवीस-तीसच आली तर हीटरच्या दोनपैकी एक गुंडाळी तुटली असावी किंवा कमी उष्णतेचं बटण दाबलेलं आहे. पाच-सहाच आली तर मोटर एकटी फिरते आहे.

सेन्सर फसतो तेव्हा

आपोआप थांबणाऱ्या मशीनमध्ये जाळीजवळ किंवा ड्रमच्या मागच्या भिंतीवर दोन चकचकीत धातूच्या पट्ट्या असतात. ओलं कापड दोन्हींना एकदम टेकलं की त्यातून किंचित वीज वाहते, आणि मशीन समजतं की अजून ओलं आहे. पट्ट्यांवर सॉफ्टनरचा थर बसला की वीज वाहत नाही आणि मशीन ओल्या कपड्यांनाच कोरडं समजून थांबतं. मऊ कापडावर पांढरं व्हिनेगर घेऊन पट्ट्या पुसा, मग ओल्या फडक्याने पुसून घ्या. काथ्या किंवा तारेची घासणी लावू नका. दोनच कपडे टाकले तरी असंच होतं, कारण ते पट्ट्यांना पुरेसे टेकतच नाहीत. तेव्हा वेळ लावून चालवा.

पाइप नसलेली मशीन

कंडेन्सर प्रकारात वाफेचं पाणी टाकीत साठतं. टाकी प्रत्येक वेळी रिकामी करा. खालच्या झडपेआड काढता येणारा कंडेन्सर असेल तर तो महिन्यातून एकदा नळाखाली धुवा, त्याच्या पत्र्यांत कापसासारखे तंतू अडकतात. ही मशीन बंद कपाटात किंवा चिंचोळ्या कोनाड्यात ठेवली की स्वतःच्याच उष्णतेत गुदमरते. वाफेचं पाणी व्हायला गार हवा लागते.

हीट पंपचा ड्रायर मुळातच कमी तापमानावर चालतो. भरलेल्या घाण्याला त्याला अडीच-तीन तास लागले तर तक्रार करू नका, त्या बदल्यात तो वीज निम्म्याच्या आसपास घेतो. त्याहून लांबलं तर आतल्या बारीक पत्र्यांवरची धूळ मऊ ब्रशने पत्र्यांच्या दिशेने काढा. पत्रे वाकवू नका.

धुणं-वाळवणं एकातच करणाऱ्या मशीनची सर्वांत मोठी फसगत आकड्यात आहे. ८ किलो धुणारं मशीन बहुधा ५ किलोच्या आसपासच वाळवतं. म्हणून धुऊन झाल्यावर अर्धे कपडे बाहेर काढा. यांतली अनेक मॉडेल वाफ थंड करायला नळाचं पाणी वापरतात. धुणं झालं म्हणून तुम्ही नळ बंद केला तर वाळणं रखडतं. आणि एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतून दुपारी जे पाणी येतं ते हाताला चटका देतं, त्याने वाफ नीट थंड होत नाही. उन्हाळ्यात अशा मशीनमध्ये पहाटे वाळवा.

अमेरिकेतल्या आपल्या माणसांसाठी दोन गोष्टी सांगते, कारण भाचीकडे न्यू जर्सीत हेच घडलं. तिथला विजेचा ड्रायर २४० व्होल्टवर चालतो. जोडीच्या ब्रेकरची एक बाजू पडली तर ड्रम फिरतो पण उष्णता शून्य. ब्रेकर पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. गॅसचा ड्रायर पहिली काही मिनिटं तापून मग गार पडत असेल, तर गॅस व्हॉल्व्हच्या कॉइल बहुधा गेलेल्या असतात. भिंतीतला पाइप ४ इंची, कडक धातूचा असावा, प्लॅस्टिकचा नको, आणि वर्षातून एकदा पूर्ण साफ व्हावा. तिथे ड्रायरला लागणाऱ्या आगींचं पहिल्या क्रमांकाचं कारण साफसफाई न करणं हेच आहे.

आता मशीन उघडायची वेळ

हमी शिल्लक असेल तर स्वतः उघडू नका. उघडणारच असाल तर नुसतं बटण नको, प्लग भिंतीतून काढून समोर ठेवा. रोध मोजायचा मल्टिमीटर लागेल, आणि मोजण्याआधी त्या भागाची एक वायर सोडवायची.

२००० वॅटच्या हीटरचा रोध २६ ओहमच्या आसपास दिसायला हवा. प्रत्येकी १००० वॅटच्या दोन गुंडाळ्या असतील तर वेगवेगळ्या ५३. काहीच दाखवलं नाही तर तुटला. थर्मल फ्यूज, म्हणजे मशीन फार तापलं की वीज तोडणारा भाग, शून्याजवळ दाखवतो, दाखवत नसेल तर उडाला आहे. तो कधीही वायरने जोडून टाकू नका, आणि नुसता बदलूनही थांबू नका. तो उडतो म्हणजे हवा कुठेतरी अडली होती, म्हणून पाइप आणि जाळी पुन्हा बघा. पंख्याची पाती तंतूंनी भरली आहेत का, पंखा दांड्यावर सैल झाला आहे का, हेही पाहा. ड्रमच्या कडेची नमद्याची पट्टी झिजली असेल तर गार हवा मधूनच आत येते.

हे तुमच्या हातचं नसेल तर दुरुस्तीवाल्यांना बोलवा, पण चार आकडे कागदावर लिहून ठेवा: हीटर किती वॅटचा, अर्ध्या तासात किती ग्रॅम उतरतात, पाइप काढल्यावर किती उतरतात, मिनिटाला मीटर किती वेळा लुकलुकतो. फोनवरच ते वाचून दाखवा. हीटर बदलायचा म्हणाले तर, "दादा, जुना आधी माझ्यासमोर मल्टिमीटरवर मोजून दाखवा," असं सांगा आणि जुना भाग स्वतःकडे ठेवा.